गुप्त शब्द

आर्वी रोडच्या जिनिंगचे ढेंगेकाका
सीपीयू घेऊन आले पोत्यात,
लुनाच्या कॅरिअरला ट्यूबनं बांधून.
"घरघरते, मंग मरते,"
बैलाचं सांगावं डॉक्टरले तसं.

झाकण काढलं. पंख्याभोवती बोटभर रुई,
रुईत पालीची दोन अंडी.
ती आधी खिडकीत ठेवली, कागदावर.
मग ब्रश. मग रॅमचे दात
खोडरबरनं घासले.
लागला.

लागल्याबरोबर पासवर्ड मागितला त्यानं.
काका गप्प.
"सांगा नं."
"तूच त म्हनलं होतं त्या फोनवाल्याच्या वेळी,
कोनालेच सांगाचा नाई.
तुलेही नाई."

मी भिंतीकडे तोंड केलं.
मागं एकेक कळ, एका बोटानं,
आणि प्रत्येक अक्षर
पुटपुटत, मोठ्यानं.

मी छताचा पंखा पाचावर केला.