तिसरं रीळ

ल आव्र बंदरात, धक्क्यापासून दोन गल्ल्या आत
आमचं थिएटर. खुर्च्या दोनशे चाळीस,
त्यातल्या अकरा मोडक्या, त्या मला पाठ.
बाई मशीन चालवते हे गिऱ्हाइकांना कळू नये
म्हणून मालक मला मागच्या जिन्यानं वर पाठवायचा.

अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात
एकच सिनेमा अकरा आठवडे चालला.
दरोड्याचा. काळापांढरा.
नायक तिजोऱ्या फोडणारा, गाल बसलेले, बोलणं जेमतेम.
गोळीचा आवाज अख्ख्या सिनेमात एकदाच,
तोही दाराआडून.

दर गुरुवारी सहाच्या खेळाला
तिसऱ्या रांगेत कडेला इन्स्पेक्टर ओबेर:
निवृत्त, गुडघा दुखरा, मांडीवर टोपी गरागरा फिरवत.
आणि मागे खांबाआड अनातोल तुर्गी,
ज्याला ओबेरनीच दोनदा आत टाकलं होतं.
ओळख दाखवायचे नाहीत.
मला वरून फक्त दोन टकलं दिसायची.

पहिल्या रिळात तुर्गी खुसखुसायचा.
तिजोरीला असा कान लावतात होय?
तिला काय न्यूमोनिया झालाय?
दुसऱ्यात ओबेर करवादायचे:
एवढे पोलिस, आणि एकाच्याही बुटाला चिखल नाही!

मग तिसरं रीळ.
दरोड्याला दोन तास आहेत. माणूस घरी येतो.
दूधवालीचे पैसे टेबलावर मोजून ठेवतो,
चार नाणी कमी पडतात,
ती कोटाच्या अस्तरातून काढतो.
टक. टक. टक. टक.
उरलेलं सूप पावानं पुसून खातो,
वाडगा धुतो, पालथा घालतो,
आणि शेगडीपाशी नुसता उभा राहतो.
सहा मिनिटं. संगीत नाही.

त्या सहा मिनिटांत
खोकणारे खोकायचे थांबत.
टोपी फिरायची थांबे.
तुर्गी खांबाबाहेर वाकलेला.

ओबेर अटकेआधीच उठायचे. एकदा जिन्यात विचारलं,
शेवट नाही बघत?
म्हणाले, पोरी, अटक म्हणजे कागद.
तीस वर्षं मी कागदच भरले.
वाडगा धुताना मात्र कुणाला पाहिलं नाही.
आम्ही पोचेपर्यंत तो वाळलेला असायचा.

तुर्गी दिवे लागले तरी बसून.
रोज वाटतं, म्हणाला, आज तो जाणार नाही.
शेगडीपाशीच राहील, झोपेल, सकाळी दूध येईल.
माहीत असून वाटतं.
मग स्वतःच हसला, आणि माझ्याकडे सिगारेट मागितली.

शेवटच्या आठवड्यात रीळ दाताऱ्यात अडकून फाटलं.
वीसबावीस चौकटी कापून मी सांधा मारला,
कुणाला कळतंय, म्हटलं.

टक. टक. टक.

दोन टकलं एकदम मागे वळली,
माझ्या झरोक्याकडे, संतापून.
वर कुणी दिसेना, तेव्हा नजर खाली आली
आणि एकमेकांवर पडली.
ओबेरनी चार बोटं वर केली.
तुर्गीनं मान हलवली: चारच.

त्या रात्री ओबेर शेवटपर्यंत बसले.
बरोबर गेले की वेगवेगळे, मला माहीत नाही,
मी रीळ उलटं गुंडाळत होते.

कापलेला तुकडा बिस्किटांच्या डब्यात आहे अजून.
उजेडात धरला तर
अंगठा दिसतो, नखाखाली काळं,
आणि नाणं, टेबलापासून बोटभर वर,
अजून पडायचं असलेलं.