तूट

दिघ्यांनी बंदूक आणली जुन्या चादरीत गुंडाळून,
रिक्षातून, दांडिया बाजारात माझ्या दारी,
म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात आणावं तशी.
"बाई, एवढं हिचं मूळ काढून द्या.
पणजोबांची आहे. लढाईतली असणार."

नळीला परवान्यासाठी पाडलेलं भोक,
दस्त्यावर आकडा चारशे सोळा
आणि नखाएवढी एक खाच.
खाचेबद्दल ते काही बोलले नाहीत.

मी मोडी वाचते. पस्तीस वर्षं झाली.
आधी ओळभर रेघ ओढायची,
मग तिला अक्षरं टांगत जायची,
बोरू उचलायचा नाही, शब्द तोडायचा नाही.
असं लिहिणाऱ्याला खोटंसुद्धा
एका दमात बोलावं लागतं.

कोठीच्या दफ्तरात मे महिन्यातही पंखा बंद,
कागद उडतात म्हणून.
मकवाणा रुमाल आणून आपटतो,
धूळ बसेपर्यंत आम्ही दोघं तोंडं फिरवून उभे.

सिलेखान्याची वही: "मारुती हनरी बंदूक, नग साठ, विलायती."
कारकुनाने मार्टिनीला सरळ मारुती करून टाकलं होतं.
मी हसले. मकवाणाने पाहिलं, विचारलं नाही.

चारशे सोळा. चाप सैल, लोहार पीतांबर, मजुरी सहा आणे.
चारशे सोळा. दसऱ्याची सलामी, बार उडाला नाही.
चारशे सोळा. गंज धरला, शिपायाचा अर्धा रोज कापला.
वीस वर्षं अशीच. लढाई कुठेच नाही.
दिघ्यांना हे कोणत्या शब्दांत सांगावं
याची जुळवाजुळव करत घरी आले,
खाखरा खाल्ला, झोप लागली नाही.

मग छप्पन्न सालचा रुमाल.
छप्पनियो. इथे अजून म्हणतात,
पोरानं ताटात टाकलं की.

चारशे सोळा, धान्यकोठार, पहारा रात्रीचा,
गुलाब वलद छोटूमियाँ, सिबंदी.
काडतुसं दिली दहा. परत आली नऊ.
"कारण पुसता सांगत नाही. दंड रुपया एक."
खाली सही, लफ्फेदार: दिघे.

म्हणजे पणजोबा बंदूकवाले नव्हते. वहीवाले होते.

तीन दिवस कोतवालीचे कागद चाळले.
त्या रात्री मेलेले पुष्कळ,
वेशीबाहेर, तळ्याकाठी, देवळाच्या पायरीवर,
नाव नाही, गाव नाही, काहींचं वयही नाही.
गोळीने कुणीच नाही.

चौथ्या दिवशी कोठाराची वही. तीच तारीख.
"जोंधळा सव्वा मण तूट. उंदीर."
सही तीच, हात तोच.
पण त्या पानावर एकाच ठिकाणी
बोरू उचललेला आहे:
'तूट' लिहून झाल्यावर रेघ तुटली,
शाईचा एक ठिपका बसला,
आणि मग नव्याने सुरू केलेला 'उंदीर'.

मकवाणा मागून वाकून बघत होता.
त्याला मोडी येत नाही, मीच वाचून दाखवलं.
म्हणाला, "बेन, छप्पनियात उंदीर उरले होते?"

बाकीचं पटकन सापडलं.
पुढे जुनी हत्यारं निकालात काढली,
यादीत चारशे सोळा, रुपये चार,
घेणार दिघे, कारकून.
आयुष्यात कधी बार न केलेल्या माणसाने
बंदूक का विकत घ्यावी
याला वहीत रकाना नाही.

दिघे दाखला न्यायला आले.
"म्हणजे लढाई नाहीच?"
"एक बार झालाय."
"कुणाला लागला?"
"कुणालाच नाही. बहुतेक वर."
सगळं सांगितलं. ते ऐकून घेत चष्मा पुसत राहिले.
मग म्हणाले, "उंदरांचं नका लिहू.
त्यांनी लिहिलंय ते राहू दे."

चादर उलगडून पुन्हा गुंडाळली, या वेळी सावकाश.
खाचेवरून त्यांचा अंगठा एकदा फिरला.
तिचं मला अजूनही काही माहीत नाही.