उघडं टोक

केसपेपरवर लिहिलं होतं:
उर्वी गजानन कोयंडे, वय आठ, राहणार तारामुंब्री.
बर्फाच्या पाट्या उतरवत होते तिथे धक्क्यावर
तुझा पाय घसरला होता,
आणि वरचा पुढचा दात, जेमतेम वर्षाचा,
खवणीच्या दात्यांसारखे कंगोरे अजून न झिजलेला,
तिरका तुटला होता. मधोमध तांबडा ठिपका.

आईनं तुकडा पदराच्या गाठीत आणला होता,
आणि कशासाठी कोण जाणे, कुंकवाच्या रिकाम्या डबीत
तुझा आधीचा दुधाचा दातही.
‘डॉक्टर, दात रवतलो मा?’

मी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला.
पेराएवढी फिल्म.
वर माथा, पुरता घडलेला;
खाली मूळ, अर्ध्याहून थोडं जास्त,
आणि टोक सताड उघडं, नरसाळ्यासारखं.
तू रडणं विसरून वाकलीस:
‘ह्यां खाडयेचां तोंड.’

तसंच होतं ते.

दाताची रीत उलटी असते, उर्वी.
आधी कौलं, मग चिऱ्याच्या भिंती,
जोतं सगळ्यात शेवटी.
हाडाच्या अंधारात माथा बांधून होतो
आणि मग त्याच्या कडेवरून पेशींची एक पातळ झालर
खाली खाली सरकत जाते,
आतल्यांना सांगत: इथून वळा, इथे निमुळते व्हा.
काम झालं की ती विरते. तिचं नाव कोणी घेत नाही.

मूळ वाढतं म्हणून दात वर ढकलला जातो,
असं मलाही कॉलेजात वाटायचं.
पण मूळच न धरलेले दातही
हिरडी फोडून वर आलेत.
दाताभोवती एक पिशवी असते,
ती वरच्या हाडाला म्हणते, सर;
आणि हाड सरतं.
दात बाहेर येतो तेव्हा मूळ अपुरंच असतं.
अपुऱ्या मुळावर तो
फणस-भाकरी, सुकट, सगळं चावायला लागतो.

मी ठिपक्याभोवतीचं थोडं काढलं,
पांढरं सिमेंट भरलं, दार लावून घेतलं.
आत मज्जा जगली तर मूळ पुरं होईल.
मेली, तर ते तिथेच थांबेल,
पातळ भिंतींचं, पोफळीच्या पोकळ दांडक्यासारखं,
आणि पंधराव्या वर्षी एखाद्या चेंडूनं मोडेल.
हे मी आईला सांगितलं नाही.
म्हटलं, दर तीन महिन्यांनी आणा.

दोनदा आणलंस... म्हणजे, आणलं तुला.
मग गणपती. मग बाप मलप्याला गेला बोटीवर.
मग दहा महिने कोणीच नाही.
मी कणकवलीहून एस्टीनं मंगळवारी यायचे,
तुझी फाइल वर काढून ठेवायचे, परत खाली घालायचे.
जेवणाच्या सुट्टीत खाडीकडे बघायचे:
ओहोटी लागली की तिवरांची मुळं
चिखलातून वर डोकावतात, बोटभर, शेकड्यांनी,
श्वास घ्यायला.
मूळ नेहमी खालीच जातं असं नाही.

मग साडेदहा वर्षांची तू,
एकटीच, शाळेच्या गणवेशात, आलीस.
दात दुखतो म्हणून नव्हे.
दाखल्यावर डॉक्टरची सही हवी होती.

मी आधी फिल्म काढली.
खाडीचं तोंड मिटलं होतं.
केसाएवढी वाट उरली होती, रक्त जायला-यायला,
एका होडीपुरती.
मी दोनदा पाहिलं, मग खुर्चीवर बसून तिसऱ्यांदा.
तू म्हणालीस, ‘सही?’

डबी माझ्या खणात राहिली होती, ती दिली.
तू दुधाचा दात उलटा करून पाहिलास,
‘ह्याका मूळच नाय.’
होतं. लांब होतं.
मागून येणाऱ्याला जागा हवी म्हणून
हाडातल्या पेशींनी ते हळूहळू खाऊन टाकलं.
तू ‘ई’ केलंस आणि डबी दप्तरात घातलीस.

जाताना बजावलं, जाळ्याचा नायलॉन दोरा
पुढच्या दातांनी तोडायचा नाही.
तू मान डोलावलीस, अगदी शहाण्यासारखी.
दंडावर तुझ्या निळ्या दोऱ्याचा तुकडा चिकटला होता,
टोकाला चावल्याची चपटी खूण.