पासंग

वर्षातून चार वेळा लानगरोत रस्ता उरत नाही.
चौकापासून चॅपेलच्या पायरीपर्यंत
काळी शिंगं, काळ्या पाठी, वाफाळते श्वास,
आणि शेणात रुतलेले भल्याभल्यांचे बूट.

त्या दिवशी बाबा पहाटेच दुकान उघडतात.
आधी प्रार्थना, मग दिवा,
मग पेराएवढा मेणाचा गोळा
माल ठेवायच्या पारड्याला, खालून.
‘पासंग हा तराजूचा स्वभावच, लाउरी,
आपण फक्त हातभार लावायचा.’

समोर हेझेकाया लोहार चिमटे मांडून बसलाय.
इंग्लंडपर्यंत चालत जाणाऱ्या गुरांना
तो नाल ठोकायचा, एका बैलाला आठ.
गेल्या वसंतात आगगाडी आली.
आता गुरं बसून जातात, म्हणतो तो,
साहेबासारखी,
आणि चिमट्यांवरची धूळ फुंकतो.

चहाच्या डब्यांच्या वर एक काच आहे.
तिथून मी पाहिलं: अँगहॅरड आणि तिची म्विनेन.
गायीच्या कपाळावर पांढरा ठिपका,
पीठ सांडल्यासारखा.
दलाल बर्मिंगहॅमचा, थॅकरा नावाचा.
त्यानं जबडा उघडून दात मोजले,
कातडी चिमटीत धरली, शेपूट उचललं,
आणि आकडा बोलला.
त्याला वेल्श येत नाही, हिला इंग्रजी,
पण आकडे दोघांनाही येतात.
नऊ. बारा. दहा. हात मागे, हात पुढे,
शेवटी तळव्यावर तळवा वाजला:
अकरा पौंड.
रीतीप्रमाणे तिनं एक शिलिंग परत दिला,
गाय लाभावी म्हणून.
दावं मात्र सोडून घेतलं.

दलालाचा पोरगा गायीला घेऊन निघाला
आणि तिला काहीतरी आठवलं.
धावत जाऊन तिनं थॅकराची बाही धरली.
सांगत होती, पुन्हा पुन्हा सांगत होती:
ही अशी पान्हा सोडत नाही हो,
धार काढताना गुणगुणावं लागतं,
काहीही चालतं, पण हळू.
त्यानं खिसा चाचपला. वैतागला.
तोच शिलिंग तिच्या हातावर आपटून
चालता झाला.

मला दोन्ही भाषा येतात.
मी काचेआड होते,
कोपरापर्यंत हात चहाच्या डब्यात.
दार सात पावलांवर होतं. नंतर मोजली मी.

ती दुकानात आली तेव्हा गर्दी ओसरली होती.
खांद्यावर रिकामं दावं.
पाव शेर चहा, साखरेचा खडा, दोन मेणबत्त्या,
आणि ‘गुडघ्याचं मलम आहे का तेच, हिरव्या डबीतलं?’
बाबा मागे पिंप फोडत होते.
मी पारड्याखाली बोट घातलं,
गोळा नखानं खरवडून काढला
आणि चहा तोलला.
काटा सरळ उभा राहिला.
इतका सरळ मी तो कधी पाहिला नव्हता,
भीतीच वाटली.

तिनं पैसे मोजून दिले. तो शिलिंग वेगळा ठेवला.
‘हा नको धरूस. हा त्याचा आहे.
पुढच्या बाजाराला आला तर दे.’
‘आणि काय सांगू?’ मी विचारलं.
ती सामान दाव्यानंच बांधत होती,
गाठ गायीच्या गळ्याला बसेल अशी, सैल.
स्टेशनकडून शिट्टी आली.
तिचे ओठ मिटलेले होते, तरी आतून कुठूनतरी
एक सूर येत राहिला,
गाठ पक्की होईपर्यंत.
‘आता काय सांगणार,’ म्हणाली.

रात्री बाबांनी दिवा मालवण्याआधी
पारड्याखालून अंगठा फिरवला.
माझ्याकडे पाहिलं.
‘मेण गळालं वाटतं,’ मी म्हटलं.
‘ऑक्टोबरात?’

पुढच्या बाजारापर्यंत गोळा परत लागला होता.
थॅकरा आला नाही, दुसराच कुणी आला.
शिलिंग खणात आहे, निळ्या साखरेच्या कागदात.
वर मी इंग्रजीत एक ओळ लिहून ठेवलीय,
चार शब्दांची.
स्पेलिंग तपासून घेतलंय.