फ्रीज

माझं पहिलं जहाज उडत होतं.
त्याच्या बाजूने एवढंच सांगता येईल.
लांबी चाळीस ब्लॉक, रुंदी वीस, उंची वीस,
सगळ्या बाजू सपाट, करड्या,
मागे बारा इंजिनं, प्रार्थनेला उभ्या केलेल्या वर्गासारखी.
शेजारच्या मंजिष्ठाने, वय वर्षे दहा,
मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाली,
ताई, हा फ्रीज आहे.

मी अंबडला दिवसभर पत्र्याचे भाग तपासते.
कॅलिपर, गेज, बारीकशी खरड,
ओके, ओके, रिजेक्ट.
हजारात एक वाकडा मला झोपेतही सापडतो.
आणि रात्री सिडकोतल्या खोलीत
माझ्याच हातून फ्रीज.

पुढचे तीन आठवडे मी तो सजवला.
लाल पट्टा. मग पिवळा पट्टा. दिवे.
अँटेना, त्या अँटेनाला अँटेना.
आता तो दिवाळीतला फ्रीज झाला.

मग दस्तगीरचाचा.
ओझरच्या कारखान्यात एकतीस वर्षं
विमानांचे पत्रे वाकवले त्यांनी,
आता आमच्याकडे अर्धवेळ येतात, डाय दुरुस्तीला.
जेवणाच्या सुट्टीत त्यांना मोबाइलवर चित्र दाखवलं.
त्यांनी चष्मा लावला नाही. होता तो काढला.
"आधी असं बघायचं. धूसर.
नुसत्या सावलीवरून कळलं पाहिजे
तोंड कुठे आणि शेपूट कुठे."
मी म्हटलं, चाचा, अंतराळात हवाच नसते,
तिथे वीटसुद्धा जाते सरळ.
ते डब्याचं झाकण दाबत म्हणाले,
"नसेल. पण बघणाऱ्याचे डोळे तर
हवेतच वाढलेत ना?"

त्या रात्री सगळे रंग पुसले.
काळ्या ब्लॉकांची नुसती सावली.
कधी बूट झाला, कधी इस्त्री,
एकदा हुबेहूब आमचा सुपरवायझर, बाजूने.

रविवारी भांडी बाजारात गेले, कुकरच्या शिटीसाठी,
आणि एका तांब्यासमोर उभी राहिले.
गळा आवळलाय
म्हणून पोट गोल वाटतं.
इतकी वर्षं याच तांब्याने पाणी ओतलं मी.
घ्यायचाय का, दुकानदाराने विचारलं.
म्हटलं, बघतेय.
शिटी राहूनच गेली.

घरी येऊन जहाजाचा गळा आवळला.
माल ठेवायची निम्मी जागा गेली. जाऊ दे.
पाइप, झडपा, जाळ्या, सगळी खुडबूड
इंजिनांजवळ नेली, जिथे खरंच काही तापतं, गळतं,
कुणाला पाना घेऊन वाकावं लागतं.
आणि पाठ कोरी ठेवली.
सगळ्यात अवघड हेच.
हात शिवशिवतो. एक दिवा? एकच?
तळवे मांडीखाली दाबून बसले.

बारातली पाच इंजिनं ठेवली,
एक मोठं, चार त्याच्याकडे कललेली.
रंग एकच. जानेवारीत पिंपळगावकडे
द्राक्षांवर बसते ती पांढुरकी झाक,
बोट लागलं की पुसली जाणारी.
आणि डाव्या पंखाखाली एक पत्रा
मुद्दाम बदलीचा, जुना, न जुळणारा.
कामावर असते तर मीच तो परत पाठवला असता.

पहिल्याच फेरीत लुटारूंनी मला चार मिनिटांत फोडलं.
फ्रीज अशा माऱ्यात तासभर तरी टिकायचा.
पण तुकडे गरगरत दूर जाताना
मी कीबोर्डवरून हात काढून
नुसती बघत राहिले.

आराखडा सेव्ह होता. पुन्हा बांधलं.
मंजिष्ठा आली, खारे दाणे खात.
मान तिरकी केली नाही.
दाणे चावणं थांबलं.
मग वरून दाखव, खालून दाखव, परत वरून,
आणि स्क्रीनला जवळजवळ नाक लावून म्हणाली,
ताई, आत शिरायचं कुठून?

मी सगळीकडून फिरवून पाहिलं.
दारच नव्हतं.