हरवलेला हातमोजा

कोह्टला-यार्वेत बर्फ पडला तरी डोंगर राखाडीच राहतात.
डोंगर म्हणायचे, एवढंच. खाणीतून उपसलेल्या राखेचे ढीग ते.
त्यांच्या पायथ्याच्या शाळेत मी स्वयंपाकीण.
सातला दार उघडते, तेव्हा अग्निया पायरीवर असतेच.

आठ वर्षांची. धाकटा प्लातोन हाताशी,
खिशात घराची किल्ली
आणि एक छोटा आरसा.
आरसा कशाला, मी एकदाच विचारलं.
"आईच्या नाकाखाली धरायला.
धुकं आलं की मग मी झोपते."

त्या दिवशी माझ्या हातून दूध उतू गेलं.

तिला सगळं ठाऊक असतं:
पाव किती उरलाय, विजेचं बिल कुठल्या डब्याखाली,
कोण आलं की दार उघडायचं नाही.
बाई म्हणतात, किती शहाणी मुलगी!
मी नाही म्हणत.
शहाणपण असं अंगावर येऊ नये कुणाच्या,
थोरलीच्या कोटासारखं,
बाह्या दुमडून दुमडून.

मला फारसं काही येत नाही.
मी तिला एक खुंटी दिली, खिडकीजवळची.
एक निळा पेला. रोज तोच.
शेजारच्या वाइकेआजींना विचारून आले,
आणि तिला म्हटलं, रात्री आता त्या डोकावतील,
तू झोपायचं.
आठवडाभर तिने विश्वास ठेवला नाही.
मग एका दुपारी गणिताच्या वहीवर
तोंड उघडं टाकून झोपली.
मी कुणाला उठवू दिलं नाही.

मार्चमध्ये इन्ना आली, तिची आई.
दवाखान्याच्या रांगेतून थेट, औषध ओठांवर कडू.
लहान मुलांच्या खुर्चीत बसली, गुडघे छातीशी,
बटाटे सोलता सोलता म्हणाली,
"हिच्याएवढी होते, तेव्हा मी कपाटात लपायचे.
कपाटाला आतून कडी नव्हती."
पुढे बोलली नाही. मीही नाही.
सालं मात्र इतकी पातळ काढली तिने
की उजेड दिसावा आरपार.

एप्रिलमध्ये ती पुन्हा घसरली.
मेमध्ये पुन्हा रांगेत उभी राहिली.
आरसा अजून असतो अग्नियाच्या खिशात,
मी विचारत नाही.

पण काल, पहिल्या बर्फात,
कधी पेन्सिलीचं टोपणसुद्धा न हरवलेली ही पोर
एक हातमोजा हरवून आली.
"कुठे पडला, आठवतच नाही," म्हणाली,
ढिगावरून घसरून लाल झालेलं नाक पुसत.

बाई रागावल्या.
मी तिच्या उघड्या हातात
एक गरम बटाटा ठेवला.