जबाब

मे महिन्यात जळगावला दुपारी दोन वाजता
चौकशीच्या खोलीत कूलर नुसता घरघरतो.
टाकीतलं पाणी संपलेलं, वाळा कडकडीत.
मी टंकलेखक. माझं काम
ऐकलेलं शासकीय मराठीत उतरवणं.

टेबलावर खाकी पाकीट. मुद्देमाल क्रमांक दोन :
चष्मा एक नग, डावी काच नाही.

विद्यापीठाच्या टेकडीवर वसतिगृहाचे नळ
चार दिवस कोरडे. त्या रात्री पोरं
रिकाम्या बादल्या बडवत
कुलगुरूंच्या बंगल्यासमोर बसली होती.
हिलाल त्यांच्यात नव्हता.
तो अभ्यासिकेत, मागून तिसऱ्या बाकावर,
मृदाशास्त्राचं पुस्तक उघडून.
उपनिरीक्षक निकुंभ बूट घालूनच आत आले.
दारावर पाटी होती : पादत्राणे बाहेर काढावीत.
हे कुणी विचारलं नाही,
म्हणून कागदावर नाही.

हिलाल म्हणाला,
"मी वाची ऱ्हायंतू. तो उना.
माले काही इचारं बी नही."
साहेब म्हणाले, लिहा :
सदर इसम अभ्यासिकेत आढळून आला.

आढळून आला.
कपाशीत जनावर आढळतं तसा,
विहिरीत काही आढळतं तसा.
मी टाइप केलं. माझी बोटं वेगवान आहेत,
मिनिटाला पंचेचाळीस शब्द, प्रमाणपत्र आहे.

मग रुबाब तडवी, रात्रपाळीचा रखवालदार.
काठी किती वेळा पडली?
"मोजली नाही साहेब. मी किल्ली हुडकत होतो."
कसली किल्ली?
"दाराला आतून कुलूप लावायला.
अजून कुणी आत येऊ नये म्हणून."
साहेबांनी घड्याळ पाहिलं.
साक्षीदारास फटक्यांची संख्या सांगता आली नाही.

हवालदार सैंदाणे बाहेर गाडीत होते.
हे त्यांनी तीनदा सांगितलं.
तिसऱ्यांदा सांगताना
तोंडातली सुपारी चघळायची थांबली.

आणि निकुंभ.
एकतीस तास सलग बंदोबस्त, म्हणाले,
आणि अंधार, आणि जमाव.
सौम्य बळाचा वापर केला.
सौम्य हा शब्द मी
आईच्या खोकल्याच्या बाटलीवर वाचलाय.
अभ्यासिकेत सहा ट्यूबलाइट आहेत,
तेही कुणी विचारलं नाही.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात
त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं.
बाटलीला ओठ न लावता वरून प्याले.
"माझ्या मुलीलापण चष्मा आहे, ताई. उणे चार."
हे कुठं टाइप करायचं?
या नमुन्यात तसा रकानाच नाही.

पावसाळ्यानंतर आदेश आला. तोही मीच टाइप केला.
एक वेतनवाढ एक वर्षाकरिता रोखण्यात येत आहे,
पुढील वेतनवाढींवर परिणाम न होता.
प्रत माहितीसाठी कुलसचिवांना.
प्रत हिलालला नाही,
नियमात तो फक्त साक्षीदार.

पण त्या दुपारचं एक राहिलं.
साहेब म्हणाले, वाचून घ्या, सही करा.
पोरानं कागद नाकाशी धरला,
लांब धरला, पुन्हा नाकाशी.
शेवटी साहेबांनीच पाकिटाची लाख फोडली.

हिलालनं चष्मा घातला,
डावा डोळा मिटला
आणि बोट फिरवत वाचू लागला
सदर इसम, सदर वेळी, सदर ठिकाणी.
कूलर घरघरत होता.
खिडकीतून जिनाकडचं सरकीचं तूस येऊन
पानावर बसलं. त्यानं फुंकलं नाही.

मग साहेबांना सोडून माझ्याकडे वळला,
अगदी साधेपणानं, घरातल्याला विचारावं तसं :
"ताई, हाई कोन बोलनं?"

माझं माहेर अमळनेरजवळ.
मला कळलं तो काय विचारतोय.
साहेबांनी विचारलं, काय म्हणतो तो?
मी म्हणाले,
पेन मागतोय.